कोरियन माणसाकडून कोरियन शिकताना: 'का' विचारू नका, 'काय म्हणाल' विचारा

एखादा कोरियन माणूस तासभर तुमच्यासमोर बसायला तयार झाला, की पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: तो तुमचा मास्तर नाही. त्याला 'असं का?' विचारलं की तो गडबडतो. आपल्याला कुणी विचारलं, 'मी गेलो' म्हणता, मग 'मी भात खाल्लो' का म्हणत नाही, तर आपण तरी काय सांगणार? भाषा येणं वेगळं आणि ती शिकवता येणं वेगळं. म्हणून त्याला विचारायचं ते एवढंच, 'अशा वेळी तुम्ही काय म्हणाल?' याचं उत्तर तो हमखास देतो आणि ते बरोबर असतं. 'का'साठी पुस्तकं आहेत.

मी कोल्हापूरची. नवरा ग्वांगजूच्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात पोस्टडॉक करतो. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्र नाहीतर रसायनशास्त्र करून कोरियातल्या प्रयोगशाळांत आलेली मुलं बरीच आहेत, त्यामुळे इकडे कोल्हापूर-सांगलीची घरं भेटत राहतात. या मुलांचं प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. अडतं ते घर चालवणाऱ्याचं. कचऱ्याच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, त्या कुठल्या? गॅसचं मीटर बघायला आलेली बाई दारात उभी राहून काय म्हणतेय? भाजीवाली 'सगळं घेतलंस तर कमी करते' म्हणतेय की 'हात लावू नकोस' म्हणतेय? माझा व्हिसा एफ-३, म्हणजे नवऱ्याच्या मागे आलेलीचा. त्यावर सरळ नोकरी धरता येत नाही, त्यामुळे वेळ भरपूर. त्या वेळातून जे जमलं ते सांगते.

भेटायच्या आधी लिपी

लिपी शिकण्यात जोडीदाराचा, म्हणजे ज्याच्याशी भाषेची देवाणघेवाण करायची त्या कोरियन माणसाचा, वेळ घालवू नका. राजा सेजोंगने १४४३ साली हांगुल तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली, तीच मुळी सामान्य माणसाला चटकन यावी म्हणून. मूळ व्यंजनं १४, मूळ स्वर १०. जोडलेली आणि दुहेरी धरून ४०. रोज थोडं बसलात तर आठवड्यात वाचायला लागाल, अर्थ कळला नाही तरी. आपल्याला ती आणखी सोपी, कारण कंठ, तालू, दात, ओठ ही उच्चारस्थानं आपण लहानपणी क-वर्ग, च-वर्ग घोकताना शिकलेलो असतो. हांगुलमध्ये तर जीभ-ओठांच्या ठेवणीवरूनच व्यंजनांचे आकार काढलेत.

वहीत कोरियन शब्द देवनागरीत लिहू नका. मी इथे लिहितेय ते तुम्हाला वाचता यावं म्हणून. सवय लागली तर उच्चार कायमचा मराठी होऊन बसतो.

एक गोष्ट मात्र शाळेतली कामाला येते, ती म्हणजे संधी. कोरियनमध्ये लिहिलेलं असतं 'हाप् + नीदा' आणि म्हणतात 'हाम्नीदा'. 'वाक् + मय = वाङ्मय' आणि 'जगत् + नाथ = जगन्नाथ' पाठ केलेल्याला यात नवीन काय? पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजन आपल्या वर्गाच्या अनुनासिकात बदलतं. 'हान्गुक् + माल' म्हणजे कोरियन बोली, उच्चार 'हान्गुङमाल'. ज्या नियमाला इथले परदेशी विद्यार्थी कपाळाला हात लावतात, तो मराठी माणसाला शाळेतच झालेला असतो.

माणूस शोधायचा कसा

हॅलोटॉक आणि टँडम ही दोन ॲप यासाठीच आहेत. हॅलोटॉकमध्ये समोरच्याच्या वाक्यात थेट दुरुस्ती करून पाठवायची सोय आहे, ती फार उपयोगी. कोरियात राहत असाल तर विद्यापीठाचा सूचनाफलक बघा. सोलचं हान्कुक परदेशी भाषा विद्यापीठ हिंदी शिकवतं; तिथल्या विद्यार्थ्यांना हिंदी बोलणारं माणूस हवंच असतं. महाराष्ट्रात राहून शिकत असाल तर पुण्याकडे नजर टाका. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जुना जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतलाय. अशा ठिकाणी कोरियन माणसं येतात तेव्हा काहींची कुटुंबंही येतात, आणि त्या घरातल्या बाईला भाजी घेण्यापुरती हिंदी-मराठी हवी असते. तिची अडचण आणि माझी इथली अडचण एकच.

बदल्यात काय द्यायचं? बहुतेकांना इंग्रजी हवं असतं. आपलं इंग्रजी गावठी आहे म्हणून लाजू नका. नोकरी शोधणाऱ्या पोरांना ओपिक किंवा टोइक स्पीकिंग या इंग्रजी बोलण्याच्या परीक्षांची तयारी करायची असते आणि त्यांना न अडखळता बोलणारं माणूस पाहिजे असतं, लंडनचं नव्हे. मराठीच शिकायचीय म्हणणारं कुणी भेटलं तर भाग्य समजा, पण त्याची वाट बघत बसू नका.

पहिल्या मेसेजमध्ये 'हाय, मला कोरियन शिकव' असं लिहिलं की उत्तर येत नाही. त्यापेक्षा चार ओळी नीट लिहा: मी कोण, आठवड्यातून केव्हा मोकळी, तुला काय देऊ शकते, मला काय हवंय. 'मला बाजारात आणि दवाखान्यात बोलता यायला हवं' असं नेमकं लिहिलं तर समोरच्यालाही कळतं की ही टाइमपास करणारी नाही.

आता जरा कटू. या ॲपवर भाषेच्या नावाखाली जोडी जुळवायला आलेले पुष्कळ असतात. दुसऱ्याच मेसेजला फोटो मागितला की ब्लॉक करा, समजावत बसू नका. कोरियात दुसरा प्रकार म्हणजे भाषेच्या भेटीला म्हणून बोलवायचं आणि दोनतीन भेटींनंतर धर्मग्रंथाच्या वर्गात नेऊन बसवायचं. मलाही एका गटाने असं बोलावलं होतं. माणसं गोड बोलतात, खाऊ घालतात, म्हणून उठून यायला जड जातं. तरी उठून या. पहिल्या काही भेटी कॅफेतच करा, दिवसाउजेडी.

माझ्या दोन जोडीदार आहेत. एक विद्यापीठातली मुलगी, नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणारी. दुसरी आमच्याच इमारतीतली, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी; तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे आणि तिला तिकडे गेल्यावर कुणाच्या मदतीशिवाय दुकानात जायचंय. तिला मी 'ऑन्नी' म्हणते. बाईने मोठ्या बहिणीला मारायची हाक. पुरुषाने तीच हाक 'नूना' अशी मारायची. त्याने चुकून ऑन्नी म्हटलं तर हसतात.

तासाची वाटणी

अर्धा तास कोरियन, अर्धा तास इंग्रजी. मोबाइलवर गजर लावा आणि गजर झाला की वाक्य अर्धं टाकून भाषा बदला. हे कोरडं वाटतं, पण वाटणी सैल ठेवली की ज्याची भाषा दोघांना जास्त येते तीच तासभर चालते, आणि ती कोरियन नसते. याच कारणासाठी सुरुवात कोरियनने करा. इंग्रजीने सुरुवात केलीत तर ती गाडी मागे वळत नाही.

रिकाम्या हाताने जाऊ नका. 'आज काय बोलू या?' या प्रश्नाने दहा मिनिटं जातात. गेल्या आठवड्यात जे सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, अशी पाच वाक्यं आपल्या हाताने, चुकत का होईना, लिहून न्या. पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये इंग्रजी टाकून तयार झालेली वाक्यं नेऊ नका. मग जोडीदार तुमचं नाही, यंत्राचं कोरियन तपासते. शब्द अडला तर नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा कोश बघा, त्यात उच्चारही ऐकता येतो.

माझी वही साधी दोनशे पानी. डाव्या पानावर माझं वाक्य, उजव्या पानावर तिने तिच्या हाताने लिहिलेलं. माझं खोडायचं नाही. दोन्ही शेजारी दिसली की आपण कुठे घसरतो ते आपोआप कळतं, आणि तिला 'का' विचारावं लागत नाही.

दुरुस्तीचंही ठरवून घ्या. काही कोरियन माणसं भिडेखातर काहीच सुधारत नाहीत, 'छान बोलता हो' म्हणतात. पहिल्या 'आन्यॉंग हासेयो'लाच, म्हणजे नुसत्या नमस्कारालाच, हे कौतुक मिळतं, ते मनावर घेऊ नका. काही मात्र शब्दागणिक अडवतात आणि मग तोंडच उघडत नाही. आम्ही ठरवलंय: मी सलग बोलायचं, तिने ऐकायचं, शेवटी फक्त तीन चुका सांगायच्या. कुठल्या तीन, ते तिने निवडायचं. ज्या चुकांमुळे तिला अर्थच लागला नाही त्याच ती निवडते, आणि त्याच आधी सुधारायला हव्या असतात. विचारून आवाज रेकॉर्ड करा. मी तो भाकऱ्या थापताना ऐकते.

ही वाक्यं मात्र पहिल्या भेटीआधी पाठ हवीत:

- चॉन्चॉन्ही माल्हे जुसेयो: हळू बोला.
- ताशी हान्बॉन माल्हे जुसेयो: पुन्हा एकदा सांगा.
- ईगॉ हान्गुङमाल्लो म्वॉयेयो?: याला कोरियनमध्ये काय म्हणतात?
- ऑनु गे जायॉन्सुरॉवॉयो?: यातलं कुठलं सहज वाटतं?

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. दोन पर्याय लिहायचे, वही पुढे सरकवायची आणि हे विचारायचं.

कानाचं काम

पुस्तकातून न येणारी गोष्ट म्हणजे कोरियनचे तीन-तीन जुळे आवाज. आपल्याकडे त, थ, द, ध असे चार आहेत, पण कोरियन तिघांची वाटणी वेगळी. 'चंद्र', 'मुलगी' आणि 'मुखवटा' हे तीन शब्द नवख्या कानाला सारखेच, 'ताल्', 'ताल्', 'थाल्' असे ऐकू येतात. मुखवट्यासाठी आपला 'थ' चालतो. मुलगीसाठी आपला 'त', हवा अजिबात न सोडता, जरा ताणून म्हटला की जवळपास बरोबर. अडतं ते चंद्रावर. तो शब्दाच्या सुरुवातीला त आणि थ यांच्या मधे कुठेतरी असतो, थोडी हवा सुटते, आणि आवाज खालच्या पट्टीत लागतो. तोच वर्ण दोन स्वरांच्या मधे आला की सरळ 'द' होतो. आग, गवत आणि शिंग यांचंही असंच, 'प'च्या घरातलं त्रिकूट.

यावर उपाय एकच. जोडीदाराने तोंडावर वही धरून तिघांतला एक शब्द म्हणायचा आणि तुम्ही लिहायचा. मग उलट, तुम्ही म्हणायचा आणि तिने काय ऐकलं ते तिने लिहायचं. दर भेटीत पाच मिनिटं पुरतात. हे काम यंत्राकडून होत नाही, कारण मोबाइल अंदाजाने बरोबर शब्द ओळखून तुमची चूक झाकतो.

स्वरांत 'ओ' आणि 'ऑ' वेगळे ठेवा. 'कॉफी'तला ऑ आपल्याकडे आहेच. जड जातो तो 'उ'सारखा एक स्वर: ओठांचा चंबू न करता, हसल्यासारखे आडवे ताणून 'उ' म्हणा.

मराठीचा फायदा

वाक्यरचनेला घाबरू नका. 'मी बाजारात मुळा घेतला': 'चॉनुन शीजांगेसॉ मुरुल सास्सॉयो'. मी, बाजारात, मुळा, घेतला. एकही शब्द हलवावा लागत नाही. 'एसॉ' म्हणजे आपला बाजारा'त'ला 'त', आणि 'कोल्हापूरहून आले' म्हणताना तोच 'हून' होतो: 'कोल्हापुरएसॉ वास्सॉयो'. प्रत्यय शब्दाच्या मागे, क्रियापद शेवटी. शिवाय क्रियापदाला लिंग नाही, पुरुष नाही. मी गेले, तो गेला, त्या गेल्या, सगळ्यांना एकच 'कास्सॉयो'. इंग्रजीतून विचार करून कोरियन बोलणारा प्रत्येक वाक्य उलटं करत बसतो. तुम्ही मराठीतूनच विचार करा, इंग्रजी मधे आणूच नका.

एक जागा मात्र सगळ्यांना पाडते: 'नुन' आणि 'गा'. 'चॉनुन' म्हणजेही मी आणि 'चेगा' म्हणजेही मी. कुणाला फरक विचारलात तर दहा मिनिटं कोरियन माणसाचीही पंचाईत. त्याऐवजी प्रसंग द्या. 'तुमच्यात विद्यार्थिनी कोण?' असं विचारल्यावर काय म्हणाल? 'चेगा'. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर? 'चॉनुन'. असे प्रसंग साठत गेले की कान तयार होतो.

आकडे दोन तऱ्हेचे आहेत, आणि दोन्ही लागतात. मूळ कोरियन हाना, तुल, सेत. आणि चिनीवरून आलेले इल, ई, साम. वस्तू, माणसं आणि घड्याळाचे तास पहिल्या तऱ्हेने, मिनिटं आणि पैसे दुसऱ्या. साडेतीन म्हणताना 'से शी साम्शीप बुन': तीन एका घरातलं, तीस दुसऱ्या घरातलं. पैशात दहा हजाराला 'मान' असा स्वतंत्र शब्द आहे आणि मोजणी तिथून पुढे जाते. आपला लाख म्हणजे दहा 'मान'. सराव असा करा: सुपरमार्केटचं जाहिरातीचं पत्रक घ्यायचं, जोडीदाराने भरभर किमती वाचायच्या, तुम्ही आकड्यांत लिहायच्या. इंग्रजीच्या अर्ध्या तासात तेच पत्रक तुम्ही तिला वाचून दाखवा.

मानापमान

आपल्याकडे अरेतुरे, अहोजाहो आहे. इथे ते क्रियापदाच्या शेपटात असतं. शिकाऊ माणसाने शेवटी 'यो' लावत राहावं. समोरची मुलगी तुमच्यापेक्षा लहान असली तरी 'यो'. 'तुम्ही'साठी पुस्तकात 'तांगशिन' दिसेल, ते वापरू नका; ते नवरा-बायकोत चालतं, नाहीतर भांडणात. नाव घेऊन 'शी' लावा, किंवा नातं लावून हाक मारा. हे आपल्याला काही नवीन नाही, आपणही अनोळखी बाईला 'ताई', 'मावशी' करतोच.

पहिल्याच भेटीत जन्मसाल विचारतील. वाईट वाटून घेऊ नका; कुठल्या रीतीने बोलायचं ते त्यावरून ठरतं. पूर्वी जन्मल्याबरोबर एक वर्ष धरायचे. जून २०२३ पासून कायदेशीर आणि सरकारी व्यवहारात पूर्ण झालेलं वय धरतात. घरात बोलताना जुना हिशेबही निघतो, म्हणून वय न सांगता साल सांगा. 'यो' सोडून एकेरीवर यायचं ते मोठ्या माणसाने म्हटल्यावर. ऑन्नी माझ्याशी एकेरीत बोलते, मी 'यो'च लावते, आणि दोघींना ते बरोबर वाटतं.

आणखी एक. जोडीदार जिथली, तिथली बोली तुमच्या तोंडी बसणार. ग्वांगजू जॉल्ला प्रांताचं. इथे शब्द आठवला नाही की 'गॉशीगी' म्हणतात, म्हणजे आपलं 'ते हे'. ऑन्नी दर दुसऱ्या वाक्यात गॉशीगी घालते. कोल्हापूरच्या माणसाला बोलीचं वावडं नसतं, मला तर ती आवडते. पण वहीत मी बोलीतल्या शब्दावर खूण करते आणि विचारते, 'बातम्यांत काय म्हणतील?' सरकारी कचेरीत गॉशीगी चालत नाही.

कॅफेतून बाहेर

कॅफेत जमलेलं बाजारात जमेलच असं नाही. म्हणून मधूनमधून भेट बाहेर ठेवा. मी ऑन्नीबरोबर यांगदोंग बाजारात जाते. अट अशी की बोलायचं मी, तिने दोन पावलं मागे उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय मदत करायची नाही. 'ईगॉ ऑल्मायेयो?', म्हणजे 'हे केवढ्याला?', विचारणं सोपं असतं. समोरून भरभर आलेलं उत्तर झेलणं हा खरा धडा. तांबड्या रश्श्यासाठी बोकडाचं मटण शोधताना 'यॉम्सोगोगी' हा शब्द मी असा शिकले की जन्मात विसरणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात वर्षाची किमची घालायचा घाट असतो, त्याला 'किमजांग' म्हणतात. कुणी बोलावलं तर नक्की जा. चार बायका कोबीच्या पानांत मसाला भरत एकमेकींशी बोलत असतात, कुणी तुमच्यासाठी हळू बोलत नाही, आणि हात कामात असल्यामुळे न कळल्याची लाजही वाटत नाही.

परीक्षा द्यायची असेल तर टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा पहिला भाग बघा. ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न, एकूण २०० गुण. ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. त्यात बोलणं आणि लिहिणं नाही, म्हणून त्याची तयारी घरी एकट्याने करा. जोडीदाराचा अर्धा तास त्यात घालू नका.

शेवटचं, खंड पडण्याबद्दल. विद्यापीठातली मुलं एप्रिल आणि ऑक्टोबरात सहामाहीच्या मधल्या परीक्षेत, जून आणि डिसेंबरात शेवटच्या परीक्षेत गायब होतात. म्हणून एक विद्यार्थी आणि एक घरातलं माणूस असे दोन जोडीदार ठेवा. परीक्षेच्या दिवसांत काकाओटॉकवर तगादा लावू नका. ती संपली की पहिला मेसेज आपण करायचा: 'शीहॉम जाल ब्वास्सॉयो?', पेपर बरे गेले का? आणि त्यातच विचारून टाकायचं, गुरुवारी चारला येतेस का, म्हणून.